मूळ सोबत आणावे

संगणकातलं मला काही कळत नाही. पण नवराच संगणकावर काम करतो म्हटल्यावर कळून घ्यावं लागतं, नाहीतर संध्याकाळी घरात बोलायचं काय? माझा नवरा हेमराज जव्हारला एका संस्थेत टायपिस्ट आहे. त्याला दिसत नाही. दहावीच्या वर्षी, आश्रमशाळेत असताना, नजर कमी कमी होत गेली आणि पार गेली. पुढं नाशिकला अंधांच्या केंद्रात तो संगणक शिकला. कानात इयरफोन घालतो, बटण दाबलं की मशीन अक्षर बोलतं, चुकलं तर खोडतो आणि पुढं जातो. लोक मला विचारतात, "अगं, दिसत नाही तर टायपिंग कसा करतो?" मी म्हणते, "तुम्ही काय डोळ्यांनी टाइप करता का?" डोकंच फिरतं माझं.

मी त्याच संस्थेच्या स्वयंपाकघरात आहे. ट्रेनिंगला येणाऱ्या बायकांचं जेवण आणि ऑफिसचा चहा माझ्याकडे. सकाळी दाभोशाहून जीपनं दोघं येतो. जीपमधून उतरला की तो माझ्या खांद्यावर हात ठेवतो, आणि ऑफिसच्या दारात हात काढतो. तिथून टेबलापर्यंत एकटा जातो, खुर्ची स्वतः ओढतो. संस्थेचे प्रमुख, त्यांना आम्ही नुसतं सर म्हणतो, ते मजकूर सांगायचे आणि हेमराज लिहून थेट पाठवायचा. अंगणवाडीच्या ताया, सरपंच, सगळीकडं त्याच्या हातचा मजकूर जायचा. कुणी तपासत नव्हतं. तपासायची वेळच त्यानं कधी आणली नव्हती.

दिवाळी झाली आणि हेमंत आला. हा नाशिकचा, संस्थेची मशीनं बघतो, अधूनमधून चक्कर मारतो. तो म्हणाला, या जुन्या विंडोजला आता नवे अपडेट येणार नाहीत, आणि नवीन विंडोज या म्हाताऱ्या मशीनांना झेपणार नाही. मशीनं टाकून देण्यापेक्षा त्यात विंडोजच्या जागी लिनक्स घालू, ते फुकट असतं आणि जुन्या मशीनवरही चालतं. एकदम नको, सावकाश. आधी गोदामातलं, मग शीलाताईंचं, मग सरांचं.

"हेमराजदादा, तुमचं सगळ्यात शेवटी," तो म्हणाला. "तोवर घरच्या लॅपटॉपवर हात बसवून घ्या."

त्या दिवशी जीपमध्ये हेमराज गप्प. मी चिमटा काढला तेव्हा म्हणाला, "पुष्पा, नवीन मशीन माझ्याशी बोललंच नाही तर?"

"नाही बोललं तर मी बोलेन. मला काय तोंड नाही?"

"मग मी बसून राहीन," तो म्हणाला.

हे बसून राहणं काय, ते मला माहीत होतं. नजर गेल्यावर घरच्यांनी त्याला अंगणात बसवून ठेवलं होतं. सकाळी उन्हात, ऊन तापलं की उचलून सावलीत, नागली वाळत घालतात तसं. वाईट कुणीच वागलं नाही. वेळेवर खायला द्यायचे, माया करायचे, पण कुणी काही काम सांगायचं नाही. हेमराजला भूत, साप, मरण, कशाची भीती नाही. कुणी प्रेमानं बसवून ठेवलं, की तो हादरतो.

घरचा लॅपटॉप त्याला केंद्रातून मिळालेला, जुना, तव्यासारखा तापणारा. हेमंतनं त्यात दोन्ही ठेवून दिलं. चालू केला की आधी विचारायचा, जुन्यात जायचं की नव्यात? हेमराजनं एकेक गोष्ट नव्यात नेली. आधी गाणी. मग जुन्या फाइली. मग भीत भीत टायपिंग. दिवसभर ऑफिसात जुनं आणि संध्याकाळी घरी नवं, त्यामुळे बोटांची पार गडबड. घरची बटणं ऑफिसात दाबायचा, लिहिलेलं बंद व्हायचं. ऑफिसची घरी दाबायचा आणि मेल्या म्हणून लॅपटॉपला शिव्या घालायचा.

मी म्हणायची, "दोन बायका केल्यासारखं झालंय तुझं. एकीच्या नावानं दुसरीला हाक मारतोस." आमच्यात नवऱ्याला अरेतुरेच करतात, तेव्हा तोही ऐकून घ्यायचा नाही. म्हणायचा, "एक आहे तीच पुरे झाली."

एक गोष्ट मात्र राहून गेली. नव्यात मराठी आवाज घालायला नेट लागायचं आणि आमच्या दाभोशात नेट धरत नव्हतं. हेमंत म्हणाला, सध्या हिंदी आवाजावर चालवा, अक्षरं तीच आहेत, पुढच्या खेपेला मराठी टाकतो. हेमराजनं चालू केलं. माझी सासू, बायडी तिचं नाव, बाजूला तांदूळ निवडत बसली होती. मशीन वाचायला लागलं. डोळा लिहिलं होतं तिथं म्हणालं डोला. जवळ होतं तिथं जवल.

सासूनं सूप खाली ठेवलं. "अगं बाई! ही तर आपल्यासारखी बोलते!"

खरंच तशी बोलत होती. आमच्या घरात ळ नाहीच. आम्ही डोला म्हणतो, जवल म्हणतो, तांदूल म्हणतो. आश्रमशाळेत गुरुजी हेमराजला 'शाला नाही रे, शाळा' म्हणून हातावर छडी मारायचे. आता हे सांगताना मी ळ म्हणतेय, तो या सगळ्यानंतर जव्हारला शिकलेला. राग आला की आधी तोच पळून जातो. सासूला तर ती बाई इतकी आवडली, की रोज संध्याकाळी सांगायची, "हेमराज, तिला काही बोलायला लाव." हेमराजही हसायचा. "हिंदी बाई आहे, आई. तिला ळ जमत नाही." म्हणजे त्याला ठाऊक होतं. आम्हा सगळ्यांनाच ठाऊक होतं. आम्हाला त्यात काळजीचं काही दिसलं नाही.

पण इथं एक सांगायला हवं. टायपिंगमध्ये ल आणि ळ एकाच बटणावर असतात. नुसतं दाबलं की ल, शिफ्ट धरून दाबलं की ळ. हेमराजच्या डोक्यात शब्द येतो तो आईच्या तोंडचा, तेव्हा बोट आधी ल दाबायचं. जुन्या मशीनचा मराठी आवाज तसाच ल म्हणून दाखवायचा, त्याला खटकायचं, तो मागं येऊन ळ करायचा. वर्षानुवर्षं हे चाललं होतं. त्याचं सगळं शुद्धलेखन कानावर होतं, आणि ही नवीन बाई दोन्हीला ल म्हणत होती.

इकडे ऑफिसात शीलाताईंचं मशीन बदललं आणि त्यांची पार दैना झाली. शीलाताई हिशेबाचं बघतात, जव्हारच्याच, मनानं बऱ्या. "हेमराज, फाइल कुठं गेली रे? हेमराज, छापायचं कसं?" दिवसातून कितीदा तरी हाका. हा उठायचा, टेबलांना हात लावत त्यांच्यापाशी जायचा आणि कुठलं बटण दाबायचं ते सांगायचा. मी चहा घेऊन मुद्दाम त्याच वेळेला जायची. दुसऱ्याला काही सांगताना तो कसा ताठ उभा राहतो ते मला बघायचं असायचं.

शिमग्यानंतर त्याचंही मशीन बदललं, घरच्यासारखंच, हिंदी आवाजासकट. मराठीचं हेमंतही विसरला आणि हेमराजनंही आठवण केली नाही. सवय झाली होती. पहिल्या दिवशी त्यानं काहीच झालं नाही असं काम केलं. सर म्हणाले, "कमाल आहे तुझी." जाताना बाजारातून त्यानं मला जिलेबी घेतली, आणि जीपमधल्या अनोळखी बाईलाही दिली. इतका खूश!

ऊन चढलं. मधल्या पत्रांत ळ चे ल झालेच असतील, पण अर्थ लागत होता, कुणी काही बोललं नाही. सूर्यमाळ, वांगणी, सगळीकडच्या बायकांमधून शिवण वर्गासाठी निवड झाली होती. त्यांच्या दाखल्यांच्या झेरॉक्स ऑफिसात आल्या होत्या, आता खरे दाखले बघायचे होते. सर बाहेर निघायच्या घाईत. दारातूनच मजकूर सांगितला. निवड झालेल्या महिलांनी सोमवारी जव्हार कार्यालयात यावे. मूळ सोबत आणावे. मूळ नसल्यास नाव रद्द होईल.

हेमराजनं लिहिलं. मशीननं वाचून दाखवलं, मूल सोबत आणावे. त्याच्या कानाला ते बरोबरच वाटलं. त्यानं पाठवून दिलं.

सोमवारी मी भाताचं पातेलं चढवत होते. खिडकीतून बघते तर फाटकातून बायकाच बायका, आणि प्रत्येकीच्या कडेवर पोर. कुणाकडे दोन. पोरं उन्हानं लालबुंद झालेली, रडून रडून घसे बसलेले. शीलाताई धावत बाहेर गेल्या. "अगं बायांनो, एवढ्या उन्हात पोरं कशाला घेऊन आलात?"

सूर्यमाळची सोमी पुढं होती. पहाटेच निघालेली, डोंगर उतरून रस्त्याला आलेली, मग जीप. ती फणकारली, "आता कशाला म्हणून विचारता? तुम्हीच लिवलं ना! अंगणवाडीच्या ताईनं वाचून दाखवलं, पोर नाही आणलं तर नाव कापतील." तिनं फोन पुढं केला.

शीलाताईंनी वाचलं आणि तोंडावर हात ठेवला. "मूल सोबत आणावे," त्या म्हणाल्या. "अगं पुष्पा, बघ तरी. मूल लिहिलंय!"

मला काही कळेना. सर मूलच म्हणाले होते, मी स्वयंपाकघरातून ऐकलं होतं. मी म्हटलं, "बरोबर तर आहे. चूक काय त्यात?"

त्यांनी मला समजावून सांगितलं. मूळ म्हणजे असल दाखला. मूल म्हणजे पोर.

मी आत पळाले, पाणी भरलं, जेवढे पेले होते तेवढे काढले. पाणी वाटत असताना पाहिलं, एक बाई सगळ्यांपासून लांब, भिंतीला टेकून उभी. हिरी तिचं नाव, वांगणीची. कडेवर कुणी नाही. मी पेला दिला, तिनं घेतला नाही. माझ्या मागं मागं स्वयंपाकघरात आली आणि अगदी हळू बोलली.

"बाई, मला पोर नाही. दवा चालू हाय. बहिणीचा मागितला दोन दिसासाठी, तिनं नाही दिला. माझं नाव कापाल का?"

मी काही बोलणार, तर दारात हेमराज. पाण्याला आला होता. चौकटीवर हात ठेवून उभा होता, आणि सगळं ऐकलं होतं. त्याचं तोंड असं झालं की मला बघवेना.

"नाव नाही कापणार," तो म्हणाला. "ते मी लिहिलं. मी चुकीचं लिहिलं. तुझी काही चूक नाही."

हिरीला त्यातलं काही कळलं नाही. ती एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिली. मग पाणी प्यायली.

सर आले. पोरांना बिस्किटं आणवली, बायकांना जेवायला घातलं, गाड्या करून घरी पाठवलं, नाव कुणाचंच जाणार नाही म्हणून हात जोडून सांगितलं. सगळं नीट केलं. हेमराज टेबलापाशी उभाच होता. सर त्याच्या खांद्यावर थोपटून म्हणाले, "असू दे रे. होतं असं. तू मनाला लावून घेऊ नकोस." एवढंच. मला वाटत होतं, ओरडा हो सर! शिव्या द्या, टेबलावर हात आपटा, मागच्या खेपेला शीलाताईंवर ओरडलात तसे ओरडा. ते नाही ओरडले. हेमराज खुर्चीत बसला तो संध्याकाळपर्यंत हलला नाही.

हेमंतला मी फोनवर असलं झापलं की दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं आला. माफी मागितली, ऑफिसच्या मशीनवर मराठी आवाज घातला, जव्हारात लॅपटॉप आणवून त्यावरही घातला. आता मशीन ल ला ल आणि ळ ला ळ म्हणायला लागलं. सरांनी हेमराजला बोलावून सांगितलं, "आता काही दिवस तू लिही, शीला एकदा नजर टाकेल, मग जाईल."

"चालेल सर," हेमराज म्हणाला.

मलाही त्यात वावगं वाटलं नाही. चूक झाली, चार दिवस दुसऱ्यानं बघितलं तर काय बिघडलं? आणि हेमराज तर असा कामाला लागला की विचारू नका. घरी बसून ळ चे शब्द लिहायचा, ऐकायचा, पुन्हा लिहायचा. मला म्हणायचा, "पुष्पा, म्हण, फळ." मी म्हणायची, "फल." तो म्हणायचा, "जा, तुला नाही जमायचं." हसायचा. ऑफिसातही बोटं थांबायची नाहीत. मी मनात म्हटलं, सुटलो बाई.

मग एके दिवशी दुपारी शीलाताई डोकं धरून स्वयंपाकघरात आल्या. चहा मागितला. "मरायला टेकले गं," म्हणाल्या, "हिशेब माझेच, आणि आता सगळी पत्रंही मीच करायची."

"पत्रं तर हेमराज करतो," मी म्हटलं. "तुम्ही नुसती नजर टाकायची ना?"

त्या पदराशी चाळा करायला लागल्या. मी गॅस बंद केला.

"शीलाताई, काय ते सांगा."

"सर म्हणाले, धोका नको. मजकूर मला वेगळा सांगतात, मी लिहून पाठवते. त्यालाही सांगतात, त्याचं मन राहावं म्हणून. त्याच्या फाइली आहेत तशा पडून असतात."

"कधीपासून?"

"त्या सोमवारपासूनच."

माझा ताबा सुटला. "तुम्हाला काही वाटतं का? तुमचं मशीन बदललं तेव्हा जवल बसून कुणी शिकवलं? दिवसभर डोला नसलेल्या माणसाला राबवता आणि त्याचं काम कचऱ्यात टाकता?" शीलाताई रडायलाच लागल्या. "मी काय करू गं? सर म्हणाले, त्याला दुखवायचं नाही." त्यांच्यावर ओरडून काय उपयोग, तेही मला कळत होतं. तरी ओरडले.

संध्याकाळी जीपमधून उतरलो, पाड्याच्या वाटेला लागलो. त्याचा हात माझ्या खांद्यावर. सांगू की नको, सांगू की नको. माझ्यानं राहवेना. सांगून टाकलं.

"माहीत आहे," तो म्हणाला.

मी थांबले. "काय माहीत आहे?"

"पहिल्याच आठवड्यात शंका आली. म्हणून पंचायत समितीच्या पत्रात मधेच लिहिलं, आमचे सर गाढव आहेत. कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहिलं. म्हटलं, रागावतील तरी."

मला हसू आलं. खूप हसू आलं, आणि हसता हसता रडूच फुटलं. त्यालाही कळलं. खांद्यावरचा हात त्यानं जरा दाबला.

"मग जातोस कशाला रे? उद्यापासून नको जाऊ. घरी बस."

"घरी बसलो की आंधला होईन," तो म्हणाला. रागात नाही, अगदी साधं बोलला. "तिथं मशीन आहे. कुणीतरी मजकूर सांगतं. खोटा असला तरी सांगतं."

"मी सरांना जाऊन सांगते. वाचा म्हणते माझ्यासमोर."

"तू नाही सांगायचं. तू सांगितल्यावर वाचलं तर काय उपयोग?" थोडं चालून मग म्हणाला, "गाढव लिहिणं सोडून दिलं मी. आता प्रत्येक पत्राच्या शेवटी एकच ओळ लिहितो. सर, हे वाचलंत तर मला हाक मारा."

त्यानं माझ्याकडून वचन घेतलं. मला ते नको होतं, पण दिलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात नेहमीसारखंच सगळं. दारात त्यानं हात काढला, टेबलापाशी गेला, इयरफोन घातले. मी स्वयंपाकघराच्या दारात दुधाची पिशवी फोडत होते. शीलाताई आल्या, माझ्याकडे न बघता बसल्या. मग सर आले. छान मूडमध्ये होते. आपल्या खोलीकडे जाता जाता मधेच थांबले आणि मोठ्यानं हाक मारली, "हेमराज!"

तो असा उठला की खुर्ची मागं जाऊन भिंतीवर आपटली. इयरफोन ओढून काढले. तोंड सरांच्या आवाजाकडे, आणि त्या तोंडावर जे होतं ते मी कधी विसरणार नाही.

"वाचलंत सर?"

"काय वाचलं?" सर गोंधळले. शीलाताईंनी मान खाली घातली. "अरे, चहा घेतलास का, विचारत होतो."

हेमराजनं मागं हात नेऊन खुर्ची शोधली, जागेवर आणली आणि बसला.

"घेतला सर," तो म्हणाला.

चहा मी अजून केलाच नव्हता.